संमतीपट्टी आणि वेगाचे प्लगइन एकत्र आल्यापासून ॲनालिटिक्सचे आकडे जुळत नाहीत

ओंजळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी अभ्याससाहित्याचे एक छोटे संकेतस्थळ एकटीने सांभाळते. ते वर्डप्रेसवर आहे आणि कोणती पाने वाचली जातात हे कळावे म्हणून त्याला गूगल ॲनालिटिक्स ४ जोडलेले आहे. पुढचा धडा कोणत्या विषयावर लिहायचा हे मी बऱ्याच अंशी त्या नोंदींवरून ठरवते, त्यामुळे आकडे चुकले की माझे पुढचे कामही चुकते.

मध्यंतरी एकाच आठवड्यात मी दोन बदल केले. वाचकांना विचारल्याशिवाय त्यांच्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवू नये म्हणून संमती घेणारे प्लगइन बसवले, आणि पाने हळू उघडतात अशी तक्रार असल्यामुळे वेग वाढवणारे प्लगइनही बसवले. त्यानंतर भेटींचा आकडा निम्म्याच्याही खाली गेला. काही वाचक नकार देणार हे मी गृहीत धरले होते. पण इतर काही गोष्टींचा मेळ त्यातून लागत नाही. भेटी घटल्या तरी ‘एंगेजमेंट रेट’ (वाचक गुंतून राहिलेल्या भेटींचे प्रमाण) मात्र खूप वाढला आहे. सर्च इंजिनमधून येणारे वाचक जवळजवळ नाहीसे झाले आहेत आणि ‘डायरेक्ट’ (कुठून आले ते कळत नाही असे वाचक) या गटात मोठी भर पडली आहे. मी स्वतः पान उघडून ‘मान्य आहे’ दाबते तेव्हा रिअलटाइम रिपोर्टमध्ये माझी भेट कधी दिसते, कधी दिसत नाही. मी दहा वेळा करून पाहिले आणि चारच वेळा दिसली.

संमतीचे प्लगइन बंद केले तर आकडा बराचसा परत येतो. ते चालू ठेवून फक्त वेगाचे बंद केले तर आकडा मधेच कुठेतरी राहतो. म्हणजे दोष एकट्या कोणाचा नसावा. संमतीपट्टी काढून टाकायची माझी इच्छा नाही. शोध कुठून सुरू करावा, हे कृपया सांगावे.

उंबरठा

ओंजळताई, आपण दोन्ही प्लगइन पाळीपाळीने बंद करून पाहिली, हे निम्मे काम झाले आहे. आता काही दिवस रिपोर्टकडे पाहणे थांबवावे. नेहमीच्या रिपोर्टमध्ये आकडे पूर्णपणे भरायला २४ ते ४८ तास लागतात, त्यामुळे आज केलेल्या दुरुस्तीचा परिणाम उद्याच्या आकड्यात शोधू गेलात तर दिशाभूल होते. खरी साक्ष ब्राउझरमध्येच मिळेल.

एक प्रश्न आधी विचारतो, कारण येथेच पुष्कळ जणांचा वेळ जातो: आपण चाचणी करताना ॲडमिन म्हणून लॉगिन केलेले असता का? वेगाची बहुतेक प्लगइन लॉगिन केलेल्या व्यक्तीला कॅशमधली (आधीच तयार करून साठवलेली) प्रत देत नाहीत आणि स्क्रिप्टमध्ये (पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) बदलही करत नाहीत. म्हणजे ॲडमिनला जे पान दिसते ते वाचकाला दिसतच नाही.

म्हणून नवी इन्कॉग्निटो खिडकी उघडावी, डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब (पानावरून जाणाऱ्या विनंत्या तिथे दिसतात) आधी सुरू करावा, त्याच्या गाळणीत इंग्रजीत ‘कलेक्ट’ असे लिहावे आणि मगच संकेतस्थळाचे पान उघडावे. ॲनालिटिक्सची प्रत्येक नोंद त्या नावाच्या विनंतीतून जाते. ती गेली आणि २०४ असे उत्तर आले, तर ब्राउझरने आपले काम केले असे समजावे. त्या विनंतीत तीन गोष्टी पाहाव्यात. ‘ईएन’मध्ये घटनेचे नाव असते, उदाहरणार्थ पेज_व्ह्यू. ‘टीआयडी’मध्ये आपला मोजणी क्रमांक असतो. टॅगला (ॲनालिटिक्सची मोजणी करणाऱ्या स्क्रिप्टला) संमतीची स्थिती कळवलेली असेल तर ‘जीसीएस’मध्ये ती दिसते. तिथे जी१०० असेल तर काहीच मान्य नाही, जी१०१ असेल तर फक्त ॲनालिटिक्स मान्य, जी११० असेल तर फक्त जाहिरात मान्य आणि जी१११ असेल तर दोन्ही मान्य.

पहिल्या फेरीत पान उघडल्यावर माऊसला, कीबोर्डला कशालाही हात न लावता पूर्ण एक मिनिट थांबावे. दुसऱ्या फेरीत पान थोडे सरकवावे आणि काय होते ते पाहावे. तिसऱ्या फेरीत संमती देऊन त्याच पानावर थांबावे, आणि मग दुसऱ्या पानावर जावे. प्रत्येक फेरीसाठी आधीच्या सर्व इन्कॉग्निटो खिडक्या बंद करून नवी उघडावी, नाहीतर आधीची कुकी तशीच राहते.

ओंजळ

उंबरठा, आपले मनापासून आभार. मी खरोखरच प्रत्येक वेळी ॲडमिन म्हणून लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्येच पाहत होते. आज आपण सांगितल्याप्रमाणे केले आणि जे दिसले ते क्रमाने लिहीत आहे.

हात न लावता मिनिटभर थांबले, तर ॲनालिटिक्सची विनंती गेली नाहीच, पण संमतीची पट्टीसुद्धा आली नाही. हे मी पहिल्यांदाच पाहिले. पान पूर्ण उघडलेले, मजकूर, चित्रे सगळे जागेवर, आणि जिथे पट्टी यायला हवी तो खालचा भाग मोकळा. मग माऊस बोटभर हलवला आणि त्याच क्षणी पट्टी आली.

‘मान्य आहे’ दाबले, पट्टी मिटली, पण त्या पानावरून एकही नोंद गेली नाही. दुसऱ्या पानावर गेल्यावर मात्र दोन विनंत्या गेल्या. दोन का, ते मला कळले नाही, पण असेच असते असे समजून मी पुढे गेले.

ज्या गोष्टीने मला अस्वस्थ केले ती शेवटी लिहिते. चौथ्या फेरीत एक वेगळे पान उघडले, पट्टीला हातही लावला नाही, फक्त पान सरकवले आणि नोंद गेली. तिच्यात जीसीएसची किंमत जी१११ होती. मी तर काहीच मान्य केले नव्हते. आकडे कमी दिसतात म्हणून मी हा धागा काढला, आणि इथे न विचारता नोंद होत असल्याचे दिसते आहे.

उंबरठा

पट्टी का आली नाही, ते सर्वात सोपे आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो.

वेगाच्या प्लगइनमध्ये ‘जावास्क्रिप्ट उशिरा चालवा’ अशा अर्थाची सोय असते. ती चालू केली की पानावरच्या स्क्रिप्टचा ‘टाइप’ बदलून ठेवला जातो. ब्राउझरला तो प्रकार ओळखीचा नसल्यामुळे तो ती स्क्रिप्ट चालवत नाही. वाचकाने माऊस हलवला, पान सरकवले, पडद्याला स्पर्श केला किंवा कळ दाबली की प्लगइन मूळ टाइप परत लावते आणि मग सर्व स्क्रिप्ट एकदम चालू होतात. आपल्याकडे या सोयीने ॲनालिटिक्सच्या टॅगबरोबर संमतीपट्टीची स्क्रिप्टही झोपवून ठेवली आहे. पहिल्याच पडद्यावर हवे ते वाचून निघून गेलेल्या वाचकाला पट्टी दिसलीच नाही, म्हणजे त्याला होकार देण्याची संधीही मिळाली नाही.

ही सोय इतकी लोकप्रिय का आहे, तेही समजून घ्यायला हवे. लाइटहाऊस या पानाचा वेग तपासणाऱ्या गूगलच्या साधनाच्या परफॉर्मन्स गुणांत ‘टोटल ब्लॉकिंग टाइम’ला (स्क्रिप्टमुळे पान अडून राहते त्या एकूण वेळेला) १०० पैकी ३० इतके वजन आहे. त्या चाचणीत पान उघडले जाते, पण त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून उशिरा चालणाऱ्या स्क्रिप्ट चाचणीच्या काळात चालतच नाहीत आणि गुण झपाट्याने वाढतात. हात लागेपर्यंत काहीच न चालवण्याचा जो नियम गुण वाढवतो, तोच नियम आपल्या काही वाचकांना मोजणीतून वगळतो. प्रत्यक्ष वाचकाच्या बाबतीत तर सगळे काम त्याच्या पहिल्या स्पर्शाच्या वेळी एकदम अंगावर येते. १२ मार्च २०२४ पासून कोअर वेब व्हायटल्समध्ये (वाचकाचा अनुभव मोजणाऱ्या गूगलच्या मापांत) ‘आयएनपी’ हे माप आले आहे आणि ते अशा स्पर्शाला पान किती चटकन प्रतिसाद देते हेच पाहते. २०० मिलिसेकंदांपर्यंतचा प्रतिसाद चांगला समजला जातो. म्हणून प्रयोगशाळेतले गुण वाढले आणि खऱ्या वाचकांचे माप बिघडले, असेही घडू शकते.

आता संमती दिल्यावरही त्याच पानावरून नोंद का गेली नाही, याकडे येऊ. संमतीचे प्लगइनही त्याच युक्तीने काम करते. होकार मिळेपर्यंत ते ॲनालिटिक्सच्या स्क्रिप्टचा टाइप ‘टेक्स्ट/प्लेन’ असा करून ठेवते. म्हणजे एकाच टॅगला दोन प्लगइननी आपापले कुलूप लावले आहे आणि दोघांनाही दुसऱ्याच्या कुलपाची कल्पना नाही. त्यातच संमतीची स्क्रिप्ट स्वतः उशिरा उठते. पान तयार झाल्याची जी सूचना ब्राउझर एकदाच देतो ती तोपर्यंत देऊन झालेली असते, आणि स्क्रिप्ट त्या सूचनेची वाट पाहत असेल तर टॅग उघडण्याचे तिचे काम सुरूच होत नाही. आपल्याकडे असेच झाले असावे. संमतीची कुकी ठेवली गेली, टॅग मात्र बंदच राहिला. खात्री करायची असेल तर डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये काही त्रुटी उमटते का, ते पाहावे, आणि वेगाच्या प्लगइनमधली फक्त ही एक सोय बंद करून तिसरी फेरी पुन्हा करावी.

कुलूपकिल्ली

मी चौथ्या फेरीबद्दल लिहिते, कारण माझ्या मते ती बाब सर्वात गंभीर आहे आणि सर्वात आधी तीच दुरुस्त व्हायला हवी.

काही संमती प्लगइन निर्णय सर्व्हरवर घेतात. वाचकाच्या विनंतीबरोबर संमतीची कुकी आली असेल तर पान तयार होतानाच त्यात ॲनालिटिक्सचा टॅग मोकळा छापला जातो, नसेल तर बंद करून छापला जातो. पानाची कॅश नसेल तर ही पद्धत बरोबर चालते. कॅश चालू केली की तयार झालेली प्रत साठवून पुढच्या सर्वांना दिली जाते. ती प्रत होकार दिलेल्या वाचकासाठी तयार झाली असेल, तर तिच्यातला मोकळा टॅग आणि ‘सर्व मान्य’ ही नोंद त्या वाचकाची असते, आणि ती नव्या, काहीही न सांगितलेल्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते. ओंजळताई, आपल्याला दिसलेले जी१११ दुसऱ्याच कोणाच्या तरी होकाराचे आहे. याच्या उलट, नकार दिलेल्यासाठी किंवा नव्या वाचकासाठी तयार झालेली प्रत होकार देणाऱ्याला मिळाली, तर त्याची नोंद होत नाही. वाचकांची नोंद कधी होते, कधी होत नाही, याचे कारण बहुधा हेच. कोणत्या पानाची कोणती प्रत त्या वेळी साठवलेली होती, त्यावर ते अवलंबून राहिले.

युरोपीय संघाच्या ई-प्रायव्हसी निर्देशाच्या कलम ५(३) नुसार वाचकाच्या उपकरणावर माहिती ठेवण्याआधी किंवा तिथली माहिती वाचण्याआधी त्याची संमती लागते. अत्यावश्यक गोष्टींना तेवढा अपवाद आहे. जीडीपीआर हे युरोपीय संघाचे माहितीसंरक्षणाचे नियम २५ मे २०१८ पासून लागू झाले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने प्लॅनेट४९ या खटल्यात आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीला संमती मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. एकाचा होकार दुसऱ्याच्या नावावर लावणे तर त्याहूनही पुढचे झाले. आपल्या वाचकांना कोणता कायदा लागू आहे हा प्रश्न वेगळा ठेवला तरी, पट्टीवर ‘आपण होकार दिल्याशिवाय मोजणी होणार नाही’ असे लिहून मोजणी होत असेल, तर ते वाक्य खोटे ठरते.

उपाय असा आहे की सर्व्हरने सर्वांना एकच प्रत द्यावी आणि निर्णय वाचकाच्या ब्राउझरमध्ये, कुकी वाचून घ्यावा. बहुतेक प्लगइनमध्ये तशी सेटिंग असते. ती नसेल तर संमतीच्या कुकीनुसार कॅशच्या वेगवेगळ्या प्रती ठेवाव्या लागतात, पण सर्व्हर आणि सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून वाचकाला जवळून देणारी सेवा) या दोन्ही ठिकाणी ते जुळवणे त्रासाचे आहे.

पाणपोई

मी वर्षभर हाच त्रास सोसला आहे, म्हणून एक व्यवहारी मार्ग सुचवतो. ॲनालिटिक्सचा टॅग संमतीच्या यादीतून बाहेर काढावा आणि तो थेट हेडरमध्ये टाकावा. पट्टी दिसत राहते, आकडे पूर्ण येतात आणि कोणतेही प्लगइन आड येत नाही. छोट्या संकेतस्थळावर कोणी तपासायला येत नाही.

कुलूपकिल्ली

पाणपोई, आकडे हरवल्यावर काय वाटते ते मला ठाऊक आहे, पण या मार्गाला माझा स्पष्ट विरोध आहे. नकार दिलेल्या वाचकाला आपण नकाराचे बटण दिले आणि ते कशालाही जोडले नाही, असा त्याचा अर्थ होतो. पूर्ण आकडे हवेतच, तर पट्टी काढून टाकून कुकी न ठेवणारी साधी मोजणी बसवणे त्यापेक्षा प्रामाणिक ठरेल. मॅटोमोसारख्या प्रणालीत कुकी बंद ठेवून मोजता येते. तिथेही आपल्या वाचकांना लागू असलेला नियम काय म्हणतो ते पाहावे लागतेच, आणि परतून आलेला वाचक तितक्या खात्रीने ओळखता येत नाही हे स्वीकारावे लागते.

पाणपोई

आपले म्हणणे पटले. नकाराच्या बटणाचा मी त्या बाजूने विचार केला नव्हता. माझ्या संकेतस्थळावरचा टॅग आज पुन्हा संमतीच्या यादीत घेतो.

उंबरठा

दोन विनंत्यांबद्दल लिहायचे राहिले होते. एका पानावरून एकापेक्षा जास्त विनंत्या जाणे ही चूक असतेच असे नाही. पान बरेच खालपर्यंत वाचले की स्क्रोलची घटना जाते, आणि पान सोडताना गुंतून राहिल्याचा वेळ जातो. पण दोन्ही विनंत्यांत ‘ईएन’ पेज_व्ह्यू असेल आणि ‘टीआयडी’ही तोच असेल, तर टॅग दोन ठिकाणी बसला आहे. ओंजळताई, ते तपासून सांगावे. आपल्या एंगेजमेंट रेटचे कोडे त्यातूनच सुटेल असे वाटते. गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये भेट १० सेकंदांहून जास्त टिकली, किंवा तिच्यात दोन वा अधिक पाने पाहिली गेली, किंवा महत्त्वाची ठरवलेली एखादी घटना घडली, तर ती ‘गुंतलेली’ भेट धरली जाते. एकच पान दोनदा मोजले गेले, तर वाचक तीन सेकंदांत निघून गेला तरी भेट गुंतलेली ठरते.

ओंजळ

दोन्ही विनंत्यांत पेज_व्ह्यूच आहे आणि मोजणी क्रमांकही तोच आहे. कारणही सापडले. आकडे घटल्यावर पहिल्याच दिवशी घाईने मी टॅगचा तुकडा थीमच्या हेडरमध्ये चिकटवला होता आणि नंतर विसरून गेले. मूळ टॅग ‘टॅग मॅनेजर’ या टॅग सांभाळणाऱ्या साधनातून येतच होता. तो तुकडा आता काढून टाकला आहे.

म्हणजे आकडे एका बाजूने गळत होते आणि दुसऱ्या बाजूने फुगत होते, आणि मी त्यांची बेरीज पाहत होते. डायरेक्टमध्ये वाढ का झाली, तेवढे अजून नीट समजले नाही.

कुलूपकिल्ली

ते आपल्याच तिसऱ्या फेरीत दिसते. वाचक सर्च इंजिनमधून पहिल्या पानावर आला, पण त्या पानावर टॅग चाललाच नाही. दुसऱ्या पानावर तो चालला तेव्हा ब्राउझरने ‘मागचे पान’ म्हणून आपल्याच संकेतस्थळाचा पत्ता सांगितला. स्वतःच्याच डोमेनवरून आलेला वाचक बाहेरून आला असे ॲनालिटिक्स धरत नाही, आणि दुसरा काही उगम हाती नसल्यामुळे तो डायरेक्टमध्ये टाकला जातो. जाहिरातीच्या किंवा वार्तापत्राच्या दुव्यात यूटीएमच्या खुणा (वाचक कुठून आला ते सांगणारी पत्त्यातली जोड) असतील तर त्याही पहिल्याच पानाच्या पत्त्यात राहून जातात.

आता दुरुस्तीच्या क्रमाविषयी सांगते. संमतीची स्थिती सांगणारा छोटा तुकडा टॅगच्या आधी चालला पाहिजे, ही त्यातली मुख्य अट आहे. गूगलच्या कन्सेंट मोडमध्ये (टॅगला संमतीची स्थिती कळवण्याच्या पद्धतीत) चार किल्ल्या आहेत: ॲड_स्टोरेज, ॲनालिटिक्स_स्टोरेज, ॲड_यूझर_डेटा आणि ॲड_पर्सनलायझेशन. शेवटच्या दोन नोव्हेंबर २०२३ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत आल्या. सुरुवातीला या चारही ‘नाकारले’ अशा लिहून ठेवायच्या असतात आणि वाचकाने निवड केल्यावर बदलायच्या असतात. वेगाचे प्लगइन स्क्रिप्ट एकत्र करताना हा तुकडा उचलून पानाच्या तळाशी नेऊन ठेवते आणि टॅग मात्र वर राहतो. तेव्हा टॅग आधी बोलतो आणि नकाराची सूचना नंतर पोहोचते. म्हणून फक्त ‘उशिरा चालवा’मधून अपवाद करून भागत नाही. एकत्र करणे, लहान करणे, पुढे ढकलणे या प्रत्येक सोयीची अपवादांची यादी वेगळी असते, आणि प्रत्येक यादीत तो तुकडा, संमतीची स्क्रिप्ट आणि टॅग असे तिघेही घालावे लागतात. ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याची सोय चालू असेल तर ती बंद करावी. तिथली प्रत जुनी राहिली की नवे बदल तिला कळत नाहीत, आणि संमतीचे प्लगइन ज्या पत्त्यावरून टॅग ओळखते तो पत्ताही बदललेला असतो.

पाणपोई

एक शंका विचारतो. संमती नाकारली तरी कुकीशिवाय सूचना पाठवता येतात आणि त्यांवरून गूगल उरलेल्या वाचकांचा अंदाज बांधते, असे वाचले आहे. त्याने ओंजळताईंचा आकडा भरून निघेल का?

कुलूपकिल्ली

तो कन्सेंट मोडचा प्रगत प्रकार. मूळ प्रकारात होकाराआधी टॅग उघडतच नाही. प्रगत प्रकारात टॅग उघडतो, पण नकार असेल तर कुकी न ठेवता त्रोटक सूचना पाठवतो. अंदाज बांधण्यासाठी गूगलची अट अशी आहे की ॲनालिटिक्स नाकारलेल्या स्थितीतल्या किमान १,००० घटना रोज, किमान ७ दिवस यायला हव्यात, आणि मागच्या २८ पैकी किमान ७ दिवस रोज १,००० होकार दिलेले वापरकर्ते असायला हवेत. छोट्या संकेतस्थळाला हा उंबरठा सहसा गाठता येत नाही. तो गाठला नाही तर सूचना जातात, पण अंदाज मिळत नाही. शिवाय नकारानंतरही काहीतरी पाठवले जाते, हे आपल्या वाचकाला पटेल का, याचा विचार आपण करावा. माझा कल मूळ प्रकाराकडे आहे.

ओंजळ

आमच्याकडे रोज हजार वाचक येत नाहीत, त्यामुळे तो मार्ग मी सोडून दिला. मूळ प्रकारच ठेवला आहे.

काल संध्याकाळी बसून सर्व बदल केले. संमतीच्या प्लगइनमध्ये निर्णय सर्व्हरऐवजी ब्राउझरमध्ये घेण्याची सेटिंग केली. वेगाच्या प्लगइनमधल्या तिन्ही याद्यांत तिन्ही स्क्रिप्ट अपवाद म्हणून घातल्या, आणि स्वतःच्या सर्व्हरवरची ॲनालिटिक्सची प्रत बंद केली. मग प्लगइनची, सर्व्हरची आणि सीडीएनची कॅश या क्रमाने रिकामी केली. पहिल्या वेळी सीडीएन विसरले होते आणि जुनीच प्रत येत राहिली. काहीच बदलले नाही असे वाटून मी सगळे पूर्ववत करणार होते, पण पानाचा सोर्स उघडून पाहिल्यावर जुन्या टॅगची ओळ तिथे दिसली आणि चूक लक्षात आली.

आता पुन्हा चारही फेऱ्या केल्या आहेत. हात न लावता पट्टी दिसते. होकार देईपर्यंत कलेक्टची एकही विनंती जात नाही. फक्त आकडेवारीला होकार दिला तर त्याच पानावरून लगेच एक पेज_व्ह्यू जाते आणि जीसीएस जी१०१ असते. नकार दिला तर तीन पाने फिरले तरी काहीच जात नाही. चौथ्या फेरीतले ते पान मी वीस वेळा नव्या खिडकीत उघडले, एकदाही न विचारता नोंद गेली नाही. लाइटहाऊसचे गुण थोडे उतरले आहेत, ते मला मान्य आहे.

एकच गोष्ट उरली आहे. काही वाचक पट्टीकडे दुर्लक्ष करून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर होकार देतात. त्यांचा उगम अजूनही हरवतो का?

उंबरठा

होय, मूळ प्रकारात तो हरवतो, आणि ते तसेच राहू द्यावे असे माझे मत आहे. होकाराआधीचे पान आपण पाहायचे नाही, असेच आपण ठरवले आहे. एवढे मात्र तपासावे की होकार दिल्यावर प्लगइन वाचकाला त्याच पत्त्यावर नव्याने नेत नाही ना. तसे नेल्यास पहिल्याच पानावर होकार देणाऱ्याचाही मागचा पत्ता बदलतो आणि यूटीएमच्या खुणा गळू शकतात. ती सोय असेल तर बंद करावी.

आणखी एक बाब आताच सांगून ठेवतो. दुरुस्तीनंतरचा आकडा जुन्या आकड्याशी जुळणार नाही. आधी विचारल्याशिवाय सर्वांची मोजणी होत होती, आता होकार देणाऱ्यांचीच होते. त्यात सफारीसारखा ब्राउझर जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी ७ दिवसांत काढून टाकतो, म्हणून तोच वाचक पुन्हा नवा दिसतो, आणि जाहिराती अडवणारी साधने वापरणाऱ्यांकडून नोंद येतच नाही. बदलाची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि तिच्या आधीचे व नंतरचे आकडे एका आलेखात जोडू नयेत.

गळती पुन्हा सुरू झाली तर कळावे म्हणून एक स्वतंत्र माप सोबत ठेवावे. गूगलच्या सर्च कन्सोलमधले (सर्चच्या निकालांवरून आलेले) क्लिक संमतीवर अवलंबून नसतात. दर आठवड्याला ते क्लिक आणि ॲनालिटिक्समध्ये सर्चमधून आलेल्या भेटी यांचे गुणोत्तर काढावे. दोन्ही आकडे सारखे कधीच येणार नाहीत, कारण त्यांची मोजण्याची रीत वेगळी आहे. पण गुणोत्तर साधारण एका पातळीवर राहते. ते एकदम घसरले, तर वाचक घटलेले नसून टॅग कुठेतरी अडकला आहे असे समजून नेटवर्क टॅब उघडावा.

ओंजळ

होकारानंतर पान नव्याने उघडण्याची सोय चालूच होती. ती बंद केली.

पहिल्या पूर्ण आठवड्याचे आकडे आले आहेत. एंगेजमेंट रेट खाली येऊन पूर्वीच्या आसपास स्थिरावला आहे, आणि सर्चमधून आलेले वाचक डायरेक्टपेक्षा पुन्हा जास्त दिसतात. एकूण भेटी पूर्वीपेक्षा कमीच आहेत. पण कोणते धडे जास्त वाचले जातात याचा क्रम जवळजवळ जुन्यासारखाच लागला आहे, आणि मला तोच हवा होता. गुणोत्तराचा पहिला आकडा तारखेसह वहीत लिहिला आहे.

आज सकाळी वेगाच्या प्लगइनची नवी आवृत्ती आली. ती घेतल्यावर लगेच इन्कॉग्निटो खिडकी उघडून हात न लावता मिनिटभर बसले. पट्टी आली, नोंद गेली नाही, अपवादांच्या तिन्ही याद्या जागेवर आहेत. कुलूपकिल्ली, उंबरठा आणि पाणपोई, आपण तिघांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे.